बिनधुराची भट्टी

राजूर, २ नोव्हेंबर १९९६

चि. कारभारीस अक्काचे आशीर्वाद.

वि. वि. तुला पत्राला सवड न्हाई, म्हणून मीच लिहून राह्यले. दुसरीतून शाळा सुटलेली हाय, अक्षराला हसू नको. पेढ्यासाठी खव्याची भट्टी दिवसभर पेटती. डोळे गेले माझे. सासूबाई खोकतात आन् मधल्या येळात शिव्या देतात. म्हणतात, भाऊ बंगळूरात धूर कमी करायचं यंत्र करतो आन् बहिणीच्या घरात दिवसा अंधार. उलटं बोलावं म्हणलं तर तोंडात धूर जातो. जल्दी इलाज कळव. भाषण नको.

लोभ हायच, तो मागत बसायला येळ न्हाई.

तुझी गोजरअक्का

बंगळूर, १४ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. अक्कास कारभारीचा शि. सा. न. वि. वि.

भट्टीच्या पत्र्याला वरच्या अंगानं गोल भोकं पाडून घे. तिथून हवा आत गेली की धूर जाळातच जळून जाईल.

आमच्या गॅस टर्बाइनची जळणाची कोठीही अशीच, फक्त घराएवढी. पण तिथं जाळ कडक झाला की धूर संपतो आणि हवेतूनच दुसरा विषारी वायू तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही, छातीत जातो. तो कमी करायला हवा आधी मिसळून जाळ थोडा थंड ठेवावा लागतो. मग जाळ विझायला बघतो, कोठी घुमते, पत्रा तडकतो. मला अजून सहा महिने पाहिजेत. साहेब म्हणतात, चिमणी साफ दिसते, पास म्हणून सही कर. चिमणीमागं मजुरांची वस्ती आहे. काय करावं कळत नाही.

सासूबाईंना नमस्कार. माझ्यावरचा राग भट्टीवर काढ, लोभ माझ्यासाठी ठेव.

तुझा कारभारी

राजूर, ३० डिसेंबर १९९६

चि. कारभारीस आशीर्वाद.

सासूबाई गेल्या.

भोकं पाडली, धूर खरंच गेला. सासूबाईंनी उभ्या जन्मात मला पहिल्यांदा शाबास म्हणलं. मंग थंडी पडली. त्यांनी खाट भट्टीच्या खोलीत मागितली. धूर जायाला छताला साणं हाय, ते आजवर कधी बंद केलं नव्हतं. आता धूरच न्हाई तर उघडं कशाला, म्हणून मीच त्यात पोतं कोंबलं आन् दार लावलं. भट्टीत निखारे व्हते. सकाळी चहा घेऊन गेले. खोलीत धुराचा वासबी न्हाई. तोंड लालबुंद, झोपल्यावानी. चहा तसाच हातात राह्यला.

डॉक्टर म्हणला, कोंडलेल्या निखाऱ्याचा वायू, दिसत न्हाई. तुझ्या पत्रात न दिसणाऱ्या वायूचं मी वाचलं व्हतं. ते मोठ्या यंत्राचं हाय म्हणून सोडून दिलं.

तू रडत बसू नको, मलाबी रडायला लावू नको. एकच सांगते. तुझ्या साहेबाला चिमणी साफ दिसून राह्यली ना? माझी खोलीबी बिलकुल साफ दिसत व्हती. सही करू नको. त्या वस्तीला उघडायला साणं न्हाई.

अक्का

बंगळूर, ११ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आल्यापासून पेन धरवत नव्हतं. तुझा वायू आणि आमचा वायू वेगळे, पण दिसत दोन्ही नाहीत. हे मला ठाऊक होतं, आणि भोकं पाड म्हणताना साणं उघडं ठेव एवढं मी लिहिलं नाही.

सही केली नाही. मला कोठीच्या कामावरून काढून सामानाच्या गोदामात बसवलंय. सही दुसऱ्यानं केली. पंधरा दिवसांपासून जुन्या धुराच्या यंत्राच्या जागी ते सुरू आहे. वस्तीतल्या बाया चिमणीखाली कपडे वाळत घालतात. एकीनं मला थांबवून सांगितलं, भाऊ, आता काजळी पडत नाही, लेकरं अंगणात निजवता येतात, तुमचं भलं होवो.

मी मान हलवून आलो.

साणं उघडं ठेव. बोल लाव, पण लिहीत राहा.

कारभारी