शेकलेलं म्हणजे कच्चं नव्हे

७ ऑक्टोबर
कोगेला प्राण्यांच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. तीन दिवस जुलाब, अंगात ताप. फॉर्मवर प्रश्न होता — कुत्र्याला कच्चं मांस देता का? मी 'नाही' लिहिलं. आमच्या कागोशिमात कोंबडी वरून जाळावर शेकतात, आतून गुलाबी ठेवतात. आम्हीही तीच खातो. तिला कच्ची कोण म्हणतं?

८ ऑक्टोबर
घर फार शांत. रविवारी माझी बायको फुमिए कोंबडी शेकायची, कोगे तिच्या पायाशी. जाळाकडे बघत ती काहीतरी पुटपुटायची — त्याला गाणं म्हणते, असं मी समजायचो. पहिला तुकडा त्याचा, दुसरा माझा. यावरून मी रुसायचो.
मार्चमध्ये ती गेली. तिच्या हातच्या शेकलेल्या कोंबडीचं एक पाकीट अजून फ्रीजरमध्ये आहे. ते फोडवत नाही. कोगेसाठी मीच शेकतो, तिच्यासारखं.

९ ऑक्टोबर
शेजारच्या पिंजऱ्यात ऑपरेशन झालेलं एक पिल्लू आहे. काल कोगेला कुरवाळून त्याच हाताने मी त्याला थोपटलं. आज ते मलूल.

१० ऑक्टोबर
गुलाबी कोंबडीचं सांगून टाकलं. कुदो डॉक्टर पार उत्तरेकडच्या, होक्काइदोच्या. नर्स हामासाकीबाई मात्र इथल्याच — म्हणाल्या, "अहो डॉक्टर, आमच्याकडे ते शेकलेलंच धरतात!" डॉक्टर रागावल्या नाहीत. "मायेझोनोसान, आतून गुलाबी म्हणजे कच्चंच."
कोगे आता वेगळ्या खोलीत. भेटायचं तर अंगावर झगा, हातात मोजे. चाटू द्यायचं नाही. सगळे पिंजरे, वाट्या, फरशी पुन्हा धुतली — माझ्या एका शब्दापायी.
घरातलं होतं नव्हतं ते मांस तपासायला मागितलंय. माझं आजच दिलं. तिचं नाही.

११ ऑक्टोबर
पिल्लाला सलाइन लावलंय. तिचं पाकीटही नेऊन दिलं. दोष तिच्या हातचा निघाला तर?

१२ ऑक्टोबर
कोगे मोज्यातून खात नाही. हुंगतो, तोंड फिरवतो. मला ओळखतच नाही जणू.

१४ ऑक्टोबर
पिल्लू दूध प्यायलं. कोगेनेही आज मोज्यातून दोन घास घेतले — मऊ शिजवलेले.

१६ ऑक्टोबर
अहवाल आला. तिच्या पाकिटात काही सापडलं नाही. जंतू माझ्या मांसात.
हामासाकीबाईंनी पाकिटावरचं बर्फ पुसलं तेव्हा खाली तिचं अक्षर दिसलं म्हणे: 'कोगेचं. दोन्ही बाजू, साठ-साठ मोजून.'
ते गाणं नव्हतं.