गार होईपर्यंत

२८ जून, दुपार
धाकटा बेकरी सोडून गेला. कारण काय, तर मी डॉक्टरांच्या पीच पाई ओव्हनमधून निघाल्या निघाल्या बॉक्समध्ये भरून पाठवल्या. समोरचे दातांचे डॉक्टर, त्यांच्या मुलीचा वाढदिवस, पाहुणे खोळंबलेले. धाकटा सांगत होता, दादा, रॅकवर चार तास गार झाल्याशिवाय आतलं सारण आळत नाही, हात लावू नकोस. त्याची पाठ वळली आणि मी हात लावला. सर्व्हिस म्हणजे सर्व्हिस. सुरी लावल्याबरोबर सगळा रस मुलीच्या नव्या फ्रॉकवर गेला, यात माझा काय दोष? सुरी त्यांची, फ्रॉक त्यांचा.

धाकट्याने आरडाओरडा केला असता तर मीही केला असता. त्याने ॲप्रन काढला, नीट घडी घातली, पिशवीत ठेवला, वर जाऊन आईला सांगितलं आणि गेला. लाटणं मात्र इथेच राहिलं. लाटणं विसरलेला कारागीर फार लांब जात नाही. चार दिवसांत येईल.

२९ जून
संकल्प: पाई मी करणार. बाबांच्या वेळेपासून गल्ल्यावर बसून सगळं बघत आलोय. एवढ्या वर्षांच्या बघण्याला काही किंमत आहे की नाही? पीचचा सीझन जेमतेम महिनाभर. आपल्या दुकानाचं नाव याच एका महिन्यावर चालतं. प्लॅनिंग करून केलं की सगळं जमतं. धाकट्याकडे हात होता, प्लॅनिंग नव्हतं.

३० जून, सकाळ
पीच उकळत्या पाण्यातून काढून गार पाण्यात टाकले की साल आपोआप सुटते. सुटली नाही. सुरीने सोलले. निम्मं फळ सालीबरोबर गेलं. पिठात लोणी थंडगार घालतात. माझं हवेच्या मानाने थंडच होतं.

त्याच दिवशी, दहा वाजता
चार पाई तयार. रंग फर्स्ट क्लास. तशाच काचेत मांडल्या. वाफ बघूनच माणूस आत येतो, हे साधं सायन्स धाकट्याला कधी कळलं नाही. चारही खपल्या. त्याच्या वेळेला दुपारपर्यंत एक जात नसे.

संध्याकाळ
तीन परत आल्या. बॉक्सचे तळ ओले, आत लगदा. चौथं गिऱ्हाईक समाधानी असावं. ते बाहेरगावचं होतं.

२ जुलै
रात्रभर विचार केला आणि तोडगा सापडला. पाईला खाली पीठ, वर पीठ. कॉबलरला खालचं पीठ नसतंच. ताटलीत फळं, त्यांच्यावर चमच्याने पीठ सोडायचं आणि भाजायचं. म्हणजे तळ विरघळलेली पाई ही मुळात कॉबलरच आहे. बोर्ड लावला: आजचं खास, कॉबलर, वाडग्यात मिळेल.

डॉक्टरांनी बोर्ड वाचला आणि विचारलं, सोबत चमचा देता की स्ट्रॉ. दातांच्या डॉक्टरांनी दातांपुरतं बोलावं.

५ जुलै
ओव्हन डावीकडे जास्त तापतो. सगळी गडबड तिथे आहे. आई जिना उतरून आली, एक घास खाल्ला, पाणी प्याली. मी ओव्हनचं सांगितलं. म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. धाकटा काय दुसऱ्याच्या ओव्हनमध्ये करत होता? मग म्हणाली, त्याला फोन कर. मी म्हणालो, मोठ्याने कशाला फोन करायचा. तर म्हणाली, मग बस मोठा होऊन.

बसलोय. दुपारपासून दोन माणसं आली. त्यातलं एक पत्ता विचारायला.

८ जुलै
आईकडून कळलं, धाकटा हॉस्पिटलच्या किचनमध्ये लागलाय. साठ पेशंटांसाठी बिनमिठाचं सूप करतो. पाईवर पिठाच्या पट्ट्यांची जाळी विणणारे हात, आणि सूप ढवळतात. फार वाईट वाटलं. त्याच्यासाठी. ते त्याला कायम करणार आहेत, सोमवारी हो की नाही ते सांगायचंय. एकदा कायम झाला की तो परत येत नाही, हे आईने दोनदा सांगितलं. मला एकदा सांगितलं तरी कळतं.

९ जुलै
सकाळी दोन कप चहा केला. सवय. दुसराही मीच प्यालो, वाया कशाला घालवायचा.

दुपारी फोन केला. म्हणालो, तुझं लाटणं इथे पडलंय, अडचण होते, घेऊन जा. यापेक्षा जास्त नमतं कोणी घेतलं असेल असं वाटत नाही. रविवारी येतो म्हणाला.

१२ जुलै, रविवार, अकरा वाजता
धाकटा आला. मी नुकतीच पाई बाहेर काढली होती, एकच केली होती. लोणी या वेळी फ्रिजमधलं. त्याने वाकून पाहिली, वास घेतला. म्हणाला, दादा, चांगली झालीय. इतकं म्हणाला. मग ती उचलून रॅकवर ठेवली आणि म्हणाला, मी वर आईजवळ बसतो, तीन वाजता खाली येतो, आपण तिघं मिळून कापू, तोवर हात लावू नकोस.

आई जिन्यावरून हळूच सांगून गेली, पिशवीत ॲप्रन आणलाय त्याने.

बारा
हात लावलेला नाही. लांबून बघतो आहे.

साडेबारा
तिच्यावर हात धरून पाहिला. लावला नाही, धरला. अजून गरम. आजपासून नवा संकल्प: धाकटा म्हणेल ते. दुकानावर दोघांची नावं घालायची. हे त्याला तीन वाजता सांगणार. आत्ताच पाठ करून ठेवलंय.

एक वाजता
डॉक्टर आले. पाहुणे यायचेत, काहीतरी गोड हवंय. मी सांगितलं, आज काही नाही. खरंच सांगितलं. त्यांनी रॅककडे बोट दाखवलं. म्हणालो, ती विकायची नाही. ते म्हणाले, असू दे, मुलगी म्हणाली होती तिथे जाऊ नका, मीच म्हटलं एक चान्स देऊ.

दुकानाच्या नावाचा प्रश्न होता. फ्रॉकचा डाग धुऊन निघत होता. मी बॉक्स बांधला. तीन वाजेपर्यंत दुसरी होईल असा हिशोब केला. पीच संपले होते, ते नंतर लक्षात आलं.

तीन
धाकटा खाली आला. हातात तीन ताटल्या आणि सुरी. रॅककडे पाहिलं. मी म्हणालो, डॉक्टर आले होते. पाठ केलेलं एकही वाक्य आठवेना. त्याने ताटल्या गल्ल्यावर ठेवल्या, लाटणं पिशवीत घातलं. आईने वरून विचारलं, निघालास का रे? तो म्हणाला, हो, उद्या लवकर ड्युटी आहे.

संध्याकाळ
डॉक्टरांचा फोन. पाहुणे उशिरा आले, पाई तोवर तशीच टेबलावर होती. म्हणाले, काय पाई होती, तुकडे कसे ताठ उभे राहिले, मुलीने दोनदा घेतली. मग विचारलं, धाकटा परत आला वाटतं?

मी हो म्हणालो.