पलंगाखालचं जांभळं सूत

मुक्काम हर्णै, समुद्राकाठी

कुंदनच्या बाबाले देवकाबाईचा रामराम.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून हे पत्र. मी बोलून राहिली, तुमची नात रुचिका लिहून राहिली. मधातच हसते, ते वेगळं.

आम्ही खुशाल आहो. रुचिकाची कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकावरची खोली. पण गचका बसला का कपाट उघडते अन् डबे माझ्या अंगावर. काल पाऊस आला तर छत गळलं, खाली पाणी धराले गंज ठेवला. पोरगी म्हणते, "आजी, सगळ्यांच्याच व्हॅन अशा असतात." मी म्हटलं, म्हणूनच घरी राहिला तो तुझा आजोबा शहाणा.

फक्त पलंग करकरत नाही. तुमचा हातमाग मोडून त्याच्या लाकडाचा केलेला तोच पलंग, ज्याच्यापायी तुम्ही महिनाभर अबोला धरला अन् निघताना दारातही आले नाही.

आज चप्पल शोधाले खाली वाकली, तर चारही सांध्यांत लाकडी पाचर! त्यावर जांभळं सूत गुंडाळलेलं, तुम्ही विणलेल्या शेवटच्या लुगड्याच्या काठाचं. गाडीकडे ढुंकून पाहणार नव्हते ना? मग आत कवा घुसले, चोरासारखे?

गोळ्या घेता का? भाजीत मीठ कोण पाहते?

चाळीस वर्षं तुम्ही मागावर बसले, मी खाली सुताच्या कांड्या भरल्या. आता त्यावर मी एकटी झोपते, हे बरं नाही दिसत. पलंग दोघांचा आहे.

कपाटाच्या दाराले मी कोणाले हात लावू देत नाही. येताना पाचर अन् सूत आणा.

अक्षर नातीचं, अंगठा माझा.
देवका