रॅटलर नाव बचाव समिती

१२ एप्रिल, शनिवार
सकाळी पेपरात बातमी. कंपनी रॅटलर पुन्हा बाजारात आणते आहे! कॉफी सांडली, पण आनंदानं. पन्नास वर्षं वाट पाहिली. बर्निसला म्हटलं, बघ, शेवटी त्यांना माझी आठवण झाली. ती म्हणाली, तुझी नाही, गाडीची झाली. बायकोला हा फरक कधी कळलाच नाही.

संध्याकाळी फोटो बघितला. पाच दारं. विजेवर चालते. मागं किराण्याच्या पिशव्या अडकवायला हुक. इंजिन नाही, आवाज नाही, धूर नाही. नाव मात्र रॅटलर. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

जेवलो नाही. (नंतर थोड्या पिएरोगी, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खाल्ल्या. बर्निसनं केल्याच होत्या.)

१३ एप्रिल, रविवार
डोकं शांत ठेवून लिहितो आहे. मुद्दा साधा आहे. कंपनीच्या वॉरन गावातल्या कारखान्यात, एकोणीस वर्षांचा असताना, मी गाड्या जोडायच्या लाइनच्या अगदी शेवटी उभा असायचो. माझ्यापर्यंत यायची ती नुसती गाडी. मी डिकीवर नावाची पट्टी बसवायचो, तळहातानं दोन थापा मारायचो, आणि मग ती रॅटलर व्हायची. म्हणजे बारसं मी करायचो. रात्रपाळीला दुसरा एक होता, पण तो वाकडी बसवायचा. त्याला मी धरत नाही.

शेवटची रॅटलर लाइनवरून उतरली त्या दिवशी एक पट्टी उरली होती. ती माझ्या मोज्यांच्या कप्प्यात आहे. चोरी नव्हे. सांभाळ.

तेव्हा हे नाव कुठल्या गाडीला द्यायचं, हे कंपनीनं मला विचारायला हवं होतं. फोन नंबर तोच आहे.

२२ एप्रिल, मंगळवार
गसच्या हॉटेलात आमच्या जुन्या रॅटलरवाल्यांची बैठक. तिथंच ‘रॅटलर नाव बचाव समिती’ स्थापन. अध्यक्षपदी मी, बिनविरोध. (क्लेटन म्हणाला, विरोध कोण करणार, दुसऱ्या कुणाला हे काम नकोच होतं. क्लेटनला आयुष्यभर शाळेत ट्रम्पेट शिकवायची सवय. कुठंही फुंकर मारतो.)

ठराव: सोळा ऑगस्टला वुडवर्ड रस्त्यावर दरवर्षीची जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, तिच्यात आमच्या सगळ्या रॅटलर एका रांगेत निघतील. कंपनीच्या मंडपासमोर थांबून सगळ्यांनी एकदम इंजिनं गरजवायची. मी पट्टी उंच धरून एकच मागणी करायची: नाव परत द्या. त्या गाडीला हवं तर ‘बदक’ म्हणा. सर्वांत पुढं माझी गाडी. तिचं किरकोळ काम आहे. गेली काही वर्षं ती विश्रांती घेते आहे.

गसनं सगळ्यांना चिली डॉग, पावातलं सॉसेज आणि वर खिमा, फुकट दिले. खरा कार्यकर्ता.

३ मे, शनिवार
गॅरेजात गेलो. बॉनेटवरचे नाताळाचे खोके, बर्निसच्या लोणच्याच्या बरण्या, नातवाची घसरगाडी, सगळं उतरवलं. निम्मा दिवस त्यातच गेला. किल्ली फिरवली. काही नाही. बॅटरी असणार.

बर्निसला शब्द दिला, की ऑगस्टमध्ये तुला शेजारी बसवून वुडवर्डवरून नेतो, मधुचंद्राला मॅकिनॉला नेलं होतं तसं. काय प्रवास होता तो! इंजिनाच्या आवाजात वाटभर एकमेकांचा एक शब्द ऐकू आला नाही. इतका सुखाचा प्रवास पुन्हा झाला नाही. बर्निस म्हणाली, बसेन रे मी, पण बाहेर कोण काढणार? सीट जमिनीला टेकलेली, त्यात माझा हा गुडघा. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून तिला गाडीत दुसरं काही दिसतच नाही. फक्त सीटची उंची.

१४ मे, बुधवार
आज एक मोठी गोष्ट सुचली. गस हळूच बाजूला घेऊन म्हणाला, लेनी, तुझा एखादा सवलतीचा कोड शिल्लक आहे का, भाच्याला पिकअप घ्यायचाय. आम्हा निवृत्तांना कंपनी दरवर्षी असे कोड देते, घरच्यांना आणि मित्रांना गाडी स्वस्तात मिळावी म्हणून. माझे वर्षानुवर्षं वाया जातात.

देताना डोक्यात वीज चमकली. प्रत्येक सवलत म्हणजे कंपनीच्या खिशाला एक भोक! कोड वाटत सुटायचं आणि आतून पोखरून काढायचं. अट एकच, नवी रॅटलर सोडून काहीही घ्या. गसनं लगेच वारलेल्या आईची शपथ घेतली.

क्लेटनला हे पटलं नाही. म्हणाला, अध्यक्षमहाराज, दुकानातून माल घेऊन घेऊन दुकान बंद पाडणार होय? जाऊ दे. उद्योगधंदा हा त्याचा विषय नाही.

३० मे, शुक्रवार
खिशाला भोकं पाडण्याची मोहीम जोरात. समितीतल्या जवळजवळ प्रत्येकाला भाचा, पुतण्या, मेव्हणी निघते आहे. फोन सारखा वाजतो. गेल्या दहा वर्षांत मला एवढ्या माणसांनी फोन केला नव्हता. बरं वाटतं. खोटं कशाला लिहू.

बर्निसनंही एक कोड मागितला, टोलेडोच्या भाचीसाठी. माझ्याकडे काही मागणारी बाई नव्हे ती. दिला. विचारलं, भाचीला कुठली गाडी हवी? म्हणाली, बसायला उंच असेल अशी. घराण्यातच गुडघे कमकुवत दिसतात.

१२ जून, गुरुवार
बॅटरी नवी घातली. काही नाही. एअर फिल्टर उघडला तर आत उंदरांचं घर, आणि त्यात माझा एक मोजा. तरीच जोडी जमत नव्हती. उंदीर गेले. त्यांनी तारा कुरतडल्या नसत्या तर गाडी आजच सुरू झाली असती.

क्लेटननं सुचवलं, मेकॅनिककडे ने. त्यानं त्याची रॅटलर वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे दिली आहे आणि ती कशी फुलासारखी चालते, वगैरे. मी सांगितलं, आपलं मूल आपणच वाढवायचं असतं. क्लेटन म्हणाला, अरे मूल पंचावन्न वर्षांचं झालं, आता डॉक्टरला दाखव.

संकल्प: जुलैपर्यंत गाडी रस्त्यावर. मोडेन पण वाकणार नाही.

४ जुलै, शुक्रवार
गसकडे मका आणि सॉसेज भाजायचा कार्यक्रम. समितीचे सगळे हजर, पण चालत. गाड्या कुठं? म्हणे दोन गल्ल्या पलीकडं लावल्या, व्यायाम होतो. आरोग्याबद्दल ही जागरूकता माझ्यामुळेच आली असावी. गसच्या गॅरेजचं दार बंद, आणि त्याखालून एक जाड काळी वायर आत गेलेली. गस म्हणाला, नाताळच्या दिव्यांची आहे. जुलैतच तयारी! मी बॉनेटवरचे खोके मेमध्ये उतरवले, आणि हा बघा.

बटाट्याच्या सॅलडपाशी गसची आई भेटली. तब्येत ठणठणीत. शपथ कुठल्या आईची घेतली होती ते विचारायचं राहून गेलं.

२३ जुलै, बुधवार
शत्रू हादरला! कंपनीतून फोन. एक मुलगी, अतिशय अदबीनं बोलत होती. मिस्टर क्रुपिन्स्की, सोळा तारखेला अकरा वाजता आमच्या मंडपासमोर याल का, साहेबांना तुम्हाला भेटायचंच आहे, तुमचं नाव सध्या ऑफिसात सारखं निघतं. निघणारच. मी थंड आवाजात सांगितलं, येणारच होतो.

म्हणजे वाटाघाटी. भाषण लिहायला घेतलं. बर्निसला पहिलं पान वाचून दाखवलं. ती ऐकता ऐकता उठून खिडकीशी गेली आणि म्हणाली, लेन, तू हे भाषण नाही केलंस तर नाही का चालणार? तिला माझी काळजी वाटते. थोरामोठ्यांच्या बायकांना वाटतेच.

९ ऑगस्ट, शनिवार
गाडी सुरू झाली!!! सबंध गल्लीला ऐकू गेलं. एक दणका, मग एक खोकला, मग काळा धूर. बर्निसनं वाळत घातलेल्या चादरी पुन्हा धुवाव्या लागतील. त्यानंतर गाडी बंद पडली आणि खालून काहीतरी गळून पडलं. ते डब्यात ठेवलं आहे. कुणीतरी अग्निशमन दलाला बोलावलं. हल्लीच्या लोकांना खऱ्या इंजिनाचा आवाज माहीतच नाही.

एकूण प्रगती समाधानकारक.

१६ ऑगस्ट, शनिवार. सकाळी
गाडी सुरू होत नाही. विचारांती ठरवलं, की अध्यक्षानं लोकांमध्ये पायी असावं. क्लेटन त्याच्या रॅटलरमधून मला न्यायला येतो आहे. बर्निस म्हणाली, तू हो पुढं, मी मागून येते. पट्टी खिशात. भाषण दुसऱ्या खिशात. फलक: ‘नाव परत द्या’. समितीचे बाकीचे थेट तिथंच भेटणार.

त्याच दिवशी, संध्याकाळी
लिहायची इच्छा नाही. लिहितो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक घडीच्या खुर्च्या टाकून बसलेले. कंपनीच्या मंडपासमोर आमची रांग यायची होती. आली फक्त क्लेटनची गाडी. तिनं एकटीनं इंजिन गरजवलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फलक उंच धरला. तेवढ्यात वळणावरून रांग दिसली. पण आवाज नव्हता. रॅटलर होत्या, नव्या. पहिलीत गस, शेजारी त्याची आई. मागच्या गाड्यांत समिती, सगळीच्या सगळी. माझ्यासमोरून जाताना प्रत्येकानं प्रेमानं हात हलवला. खजील होऊन मान खाली घातली असती तर शिव्या देता आल्या असत्या.

मग माइकवरून त्या अदबशीर मुलीचा आवाज. म्हणाली, यंदा सर्वांत जास्त नव्या रॅटलर एकाच निवृत्त कामगाराच्या सवलतीच्या कोडवर विकल्या गेल्या, आणि ते इथं आपल्यात आहेत, लेनर्ड क्रुपिन्स्की! सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या. साहेबांनी मला मिठी मारली. फलक त्यांनीच हातातून काढून घेतला, वाचला, आणि ओरडले, नाव परत द्या! दिलं की आम्ही! लोक हसले, टाळ्या वाजवल्या. भाषण खिशातच राहिलं.

रांगेत शेवटची गाडी निळी होती. ती माझ्यापाशी थांबली. काच खाली झाली. बर्निस.

मी त्या गाडीत बसलो नाही. क्लेटनबरोबर परत आलो. वाटेत तो म्हणाला, कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते तुला बघून म्हणत असावेत, लेनी. मग माझ्या खांद्यावर थोपटलं. ते जास्त लागलं.

रात्री जेवताना बर्निस म्हणाली, टोलेडोच्या भाचीचं खोटं बोलले, चुकलं माझं. पण मला रॅटलरमध्ये बसायचंच होतं रे, लेन. फक्त उठताही यायला हवं होतं. मी उठून भांडी घासायला घेतली. बोललो असतो तर रडू आलं असतं.

१७ ऑगस्ट, रविवार
बर्निस शेजारणीबरोबर चर्चला गेली. निळी गाडी दारात ठेवून. मी तिच्याकडे बघणार नव्हतो. कचऱ्याचा डबा आत आणायला बाहेर गेलो, एवढंच. डबा आत होता. म्हणून बाहेर ठेवला.

तेव्हा मागून दिसलं. नाव वाकडं! प्लास्टिकची अक्षरं, चिकटवलेली, आणि शेवटचं अक्षर खाली लोंबतं आहे. रात्रपाळीच्या त्या माणसाची आठवण झाली. अशा गाडीतून बर्निस गावभर फिरणार, आणि लोक म्हणणार, ती बघा क्रुपिन्स्कीची बायको.

तिचा केस वाळवायचा ड्रायर आणला. गरम हवेनं अक्षरं सुटली. मोज्यांच्या कप्प्यातून पट्टी काढली. तिच्या मागचे खिळे कापले आणि दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावली. मग पूर्वीसारखंच केलं. अंगठा डिकीच्या कडेवर ठेवायचा, करंगळी पोचेल तिथं पहिलं अक्षर. हातावर डाग पडले आहेत, सांधे सुजले आहेत, पण वीत तेवढीच आहे. पट्टी पहिल्याच खेपेला सरळ बसली. तळहातानं दोन थापा मारल्या. डोळ्यांत पाणी आलं. उन्हामुळे म्हणावं तर तिथं सावली होती.

बर्निस आली. गाडीच्या मागं बराच वेळ उभी राहिली. अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, गसकडे सफरचंदाचा गोड ‘पाय’ खायला नेतोस का? नेलं. गाडी मीच चालवली, शत्रूचा आतून अभ्यास करायला. आवाज अजिबात नाही. वाटभर बर्निस बोलत होती आणि मला सगळं ऐकू येत होतं. तिला शिकागोच्या बहिणीकडे जायचंय म्हणे, कधीपासून. मला माहीत नव्हतं.

१९ ऑगस्ट, मंगळवार
सकाळी गसचा फोन. त्याच्या गाडीवरचं नावही वाकडं आहे, आताच लक्षात आलं. जुन्या रॅटलरची पट्टी त्यानं काढून ठेवली आहे, मी बसवून देईन का? त्याच्यामागोमाग समितीतल्या बाकीच्यांचे फोन. सगळ्यांचीच वाकडी. मी स्पष्ट सांगितलं, माझा निषेध कायम आहे. पण निषेध वेगळा आणि वाकडं नाव वेगळं. एकेकानं या, डिकी धुऊन आणा.

आजची निषेध बैठक पुढं ढकलली आहे. अध्यक्ष कामात आहेत.