सायराबीच्या कोंबड्यांची पिसं

३ फेब्रुवारी १९४३, बुधवार

सहा कोंबड्या आणि एक कोंबडा — लिंगायताच्या घरात!

सकाळी सायराबी दोन डाली घेऊन दारात उभ्या. आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. विधवा बाई, तेरच्या बाजारात अंडी विकून पोट भरतात. लेक नसीमबी हैदराबादेत दिलेली, तिचे दिवस भरत आलेत म्हणून निघाल्या. महिनाभर कोंबड्या सांभाळा म्हणाल्या. "मास्तरसाब, ह्याच सात जानांवर माझी चूल हाय. देते तशा परत द्या." मी हो म्हणून बसलो. त्यांची पत्रं मीच वाचून दाखवतो, गल्लीत उर्दू वाचणारा दुसरा नाही. आता ऐन वेळी नाही कसं म्हणायचं?

बायको, मल्लम्मा, आतून बाहेर आली नाही. दोघींचा चार वर्षं अबोला आहे, आणि त्याचंही कारण कोंबड्याच. त्यांनी हिचा कांद्याचा वाफा उकरला, शब्दानं शब्द वाढला, आणि सायराबी बोलून गेल्या — जिला लेकरू नाही तिला जीव लावणं काय कळणार. त्या दिवसापासून बायको त्या भिंतीकडं पाठ करून बसते. त्याआधी नसीम आमच्याच ओसरीवर वाढली म्हटलं तरी चालेल.

४ फेब्रुवारी

मल्लम्मानं अट घातली. कोंबडीचं नखसुद्धा अंगणात दिसता कामा नये. म्हणून बिऱ्हाड कडब्याच्या खोलीत. खिडकी नाही, पण दाराच्या फटीतून उजेड येतो. मीही एक अट घातली — आमच्या छपराखाली किडामुंगी खायची नाही. ज्वारी, तांदळाची कणी, शिळी भाकरी. म्हणजे जे आम्ही खातो तेच. तक्रारीला जागा नाही!

८ फेब्रुवारी, सोमवार

रोज हजेरी घेतो, शाळेची सवय. काळी, तांबडी, भुरी, कवडी, दोन पांढऱ्या. कोंबड्याला मी सदर मुदर्रिस म्हणतो. आमचे हेडमास्तर अगदी तशीच मान काढून वर्गांवरून फिरतात. (हे पान कुणाच्या हाती लागलं तर माझी नोकरी गेली.)

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

जुम्म्याची सुट्टी. निवांत पाहिलं तर एका पांढरीच्या पाठीवरची पिसं विरळ झालीत. उंदीर असणार.

१५ फेब्रुवारी

सापळा लावला होता. उंदीर नाही, घूस नाही. कवडीच्या शेपटाखालीही टक्कल! गंमत म्हणजे जमिनीवर एक पीस पडलेलं नाही. पिसं जातात कुठं? मग वाटलं अंगात उवा झाल्या असतील. सगळ्यांना चुलीतली राख चोळली. सात शिंका मी दिल्या, त्यांनी एकही नाही.

१७ फेब्रुवारी, बुधवार

चोर सापडला. भुरी!

शाळेतून लवकर आलो, फटीतून डोकावलो. भुरी पांढरीच्या शेजारी अगदी शहाण्यासारखी उभी. मग मान वळवली, एक पीस उपटलं आणि पंगतीत पापड मोडावा तसं खाऊन टाकलं. पुन्हा आपली शहाण्यासारखी उभी. पांढरी नुसती थोडी सरकली. पोटभर ज्वारी घालूनही ही थेरं? भुरीला डाल्याखाली कोंडली.

संध्याकाळी पाहतो तर काळी तेच करतेय. एकाला कोपऱ्यात उभं केलं की दुसरा त्याची जागा घेतो. बावीस वर्षं पोरं शिकवतोय, हे मला आधीच कळायला हवं होतं.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

करंजाचं तेल आणि हळद लावली. हळद कशाला हवी, मल्लम्मानं विचारलं. खोकला, म्हणालो. तिनं पावशेर हळदीकडं पाहिलं, मग माझ्या गळ्याकडं पाहिलं आणि आत गेली. कोंबड्या नवऱ्या मुलींसारख्या पिवळ्या झाल्या. भुरीनं तेल चाखून पाहिलं, आवडलं असावं, कारण पुढचं पीस तिनं तिथंच उपटलं.

२१ फेब्रुवारी

आता हसू येत नाही. पांढरीच्या पाठीतून रक्त आलंय, आणि रक्त दिसल्यावर सगळ्याच तिकडं वळल्या. तिला वेगळी ठेवलीय, तर दाणा टिपत नाही. ती मेली तर सायराबीला काय तोंड दाखवू? आणि आज एक गेली, तर उद्या बाकीच्या राहतील कशावरून? त्या बाईची चूल माझ्या भरवशावर आहे.

२२ फेब्रुवारी, सोमवार

बिराप्पाला बोलावलं. धनगर माणूस, जन्म जनावरांत गेलेला. खोलीत डोकावला, दाण्याचं ताट पाहिलं, मला काय काय घालता विचारलं. मी अभिमानानं सांगितलं. त्यानं पटका सारखा केला.

"मास्तर, तुमी कोंबड्यांस्नी दीक्षा दिली का काय?"

मग समजावून सांगितलं. कोंबडीला किडे, वाळवी, गांडुळं, काहीतरी अंगी लागणारं हवं. ते मिळेना म्हणून एकमेकींची पिसं खातात. त्यात अंधारात, दाटीवाटीनं कोंडलेल्या. "माणसं कोंडली तरी भांडत्यात की," म्हणाला आणि गेला. माझं सोवळं फुकटचं, आणि सोललं त्या पांढरीला.

२४ फेब्रुवारी

अंगणाचं तर बायकोपुढं नावच काढता येत नाही. म्हणून बाजारात गफारकडून सुकट घेतली. आयुष्यात पहिल्यांदा! सुकी मासळी काय वास मारते ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. पुडी घरी कुठं ठेवणार, तपासायच्या वह्यांत लपवून शाळेत नेली. तिसऱ्या तासाला सगळा वर्ग नाक धरून बसला. खरे सदर मुदर्रिस आले, हुंगलं, माझ्याकडं पाहिलं. मी शेजारच्या वर्गावरच्या मौलवीसाहेबांकडं पाहिलं, जणू वास त्यांच्याकडूनच येतोय. याचं पाप कुठं फेडू!

२५ फेब्रुवारी, गुरुवार

पुडी मल्लम्माला सापडली. चिमट्यात धरून तिनं ती उकिरड्यावर नेऊन टाकली. संध्याकाळी लिंगपूजा आटोपून माझ्यासमोर बसली. मी सगळं ओकलो — भुरी, हळद, बिराप्पा, सुकट.

"पांढरी दाखवा," म्हणाली.

खोलीत ती पहिल्यांदाच आली. पांढरीची उघडी पाठ वाकून पाहिली. मग दार सताड उघडलं आणि सगळ्यांना अंगणात हाकललं. मी म्हटलं, अगं, तुझी मेथी, तुझी वांगी. माझं मी बघेन, म्हणाली. मी भीत भीत विचारलं, ह्या किडे खाणार, ते आपल्याला चालतं का? "मी चारत न्हाय. त्यांचं त्या शोधत्यात. चोच शिवानंच दिलीया." यावर कुठल्या स्वामींना विचारायला जाऊ?

२८ फेब्रुवारी

मेथी गेली.

७ मार्च, रविवार

वांगीही गेली. उकिरडा तीनदा उलटा झालाय. मल्लम्मा काठी घेऊन दगडावर बसते, घार आली की हाकलते. पांढरीला उन्हात डाल्याखाली ठेवते आणि तिच्या पाठीला हळद आता स्वतः लावते. (खोकल्याचा विषय निघाला नाही.) भुरीला पिसांकडं बघायलाही वेळ नाही, दिवसभर माती उकरते. सदर मुदर्रिस बायकोच्या मागं मागं फिरतात. मला घरात एवढा मान कधी मिळाला नाही.

आज मी वह्या तपासत होतो, तर ओढून नेलं. पांढरीच्या पाठीवर सुयांसारखे कोंब! दोघंही वाकून पाहत बसलो. लई बरं वाटलं.

१४ मार्च

हजेरी पूर्ण. पिसं भरत आलीत. सायराबी आल्या की ताठ मानेनं देईन. मल्लम्मानं जाता जाता विचारलं, पत्र आलं का? कुणाचं? तर म्हणे, कुणाचंबी.

२० मार्च, शनिवार

पत्र आलं. नसीमला मुलगी झाली, दोघी खुशाल आहेत. जावई म्हणतात आता इथंच राहा, म्हणून सायराबी तेरला परत येणार नाहीत. कोंबड्या विकून टाका, आलेले पैसे तुम्हीच ठेवा, म्हणतात. शेवटी एकच ओळ — भाभीला सलाम सांगावा की न सांगावा, कळत नाही.

मी सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं, शेवटच्या ओळीसकट. मल्लम्मा तांदूळ निवडत होती. तसंच सूप ठेवलं आणि कोंबड्या कोंडायला गेली.

जबाबदारी संपली, मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. माणूस भिंतीपलीकडं असलं की अबोला आज ना उद्या मोडेल अशी आशा असते. आता त्या घरात कुणी नसणार, आणि हिनं पाठ करून बसायचं ते कुणाकडं?

२१ मार्च, रविवार

सकाळी मल्लम्मानं दौत-टाक स्वतः आणून माझ्यापुढं ठेवला. लिहा, म्हणाली. "कोंबड्या विकणार न्हाय. ज्यांच्या त्यांनी येऊन न्याव्या. आन् येताना नसीमची लेक आणावी, माझ्या मांडीवर द्यावी."

सगळं उर्दूत उतरवलं. खाली नेहमीसारखं माझं नाव लिहायला गेलो, तर तिनं हात धरला.

"माझं लिवा."