बसून ओढलेला दोर

आबा, तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. मुंबईच्या लष्करी इस्पितळातल्या रस्सीखेचीची माझी गोष्ट तुम्ही साक्रीच्या बाजारात भेटेल त्याला सांगायचात. आज तीच पुन्हा लिहायला बसलो आहे, कारण तेव्हा मी ती पुरती सांगितली नव्हती.

तुम्ही विहिरी खोदणाऱ्या टोळीचे मुकादम. मी नुकताच दोरावर आलो होतो. काळ्या दगडांनी भरलेली पाटी आम्ही सहा जण वर ओढत होतो. मला घाई झाली, मी हिसका दिला आणि एक दगड निसटून खालच्या माणसाच्या खांद्याला चाटून गेला. तुम्ही हात उगारला नाहीत. मला दोराने खाली सोडलंत आणि दिवसभर तिथेच काम करायला लावलंत. मी खडकाला पाठ चिकटवून उभा आहे आणि डोक्यावर भरली पाटी डुलत वर जाते आहे. संध्याकाळी वर आलो तेव्हा एवढंच म्हणालात, "खाले मानूस शे, हाई इसरू नको." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला शिकवलंत: हाताने नाही, पाठीने ओढायचं, एकाने आवाज द्यायचा आणि सगळ्यांनी त्या आवाजावर एकदम मागे रेलायचं.

पुढे मी पलटणीत गेलो आणि बसऱ्याच्या पलीकडे लढाईत माझा डावा पाय गेला. इस्पितळात आम्ही नुसते पडून असायचो. एका गोऱ्या डॉक्टरने जखमी शिपायांचे खेळ ठरवले. इंग्रज, ऑस्ट्रेलियाचे आणि आम्ही. फळ्यावर त्याने आमच्या संघापुढे 'हिंदुस्थान' लिहिलं. आम्ही सहा जण, प्रत्येकाला एकच पाय. दोन पंजाबी, एक गुरखा, एक गढवाली, एक साताऱ्याचा आणि मी. जमिनीवर बसून दोर ओढायचा होता. एकमेकांची भाषा धड येत नव्हती. मी त्यांना तुमचा आवाज शिकवला, विहिरीवरचा. शब्द नव्हतेच त्यात, म्हणून सगळ्यांना जमला.

ऑस्ट्रेलियावाले अंगाने दुप्पट, पण हिसके देत होते. आम्ही भार धरून ठेवला आणि ते दमले की मागे रेललो. त्यांना हरवलं तेव्हा गढवाली माझ्या गळ्यात पडून रडला. इंग्रजांशी पहिली खेप आम्ही जिंकली, दुसरी त्यांनी. तिसरीत दोर मध्यावर अडकल्यासारखा थांबला. माझ्या पुढच्या पंजाब्याची जखम उकलली आणि पट्टीवर रक्त दिसू लागलं. आवाज माझ्याकडे होता. मी म्हणालो, "सोडा. हळू सोडा."

आम्ही हरलो. पंजाबी माझ्यावर ओरडला, "छोडा क्यूं? मैं मर रहा था क्या?" दोन दिवस तो बोलला नाही. तिसऱ्या दिवशी माझ्या खाटेवर येऊन बसला आणि स्वतःच्या वाटणीचा गूळ त्याने माझ्या हातावर ठेवला.

मी कुबडीवर घरी आलो तेव्हा तुम्ही पायाकडे एकदाच पाहिलंत. मग शेजारी बसवून विचारलंत, "कोन जितनं?" मी रक्ताचं आणि दोर सोडल्याचं सांगितलं. तुम्ही म्हणालात, "बरं करं तू. मानूस वाचना, बठ्ठं वनं त्यामा." धुळ्याच्या कचेरीत मला चौकीदारी मिळाली, लग्न झालं, मुलं झाली. एका पायाचा माणूस म्हणून कुणी कीव केली, तर माणूस वाचला त्यातच सगळं आलं, हे तुमचं वाक्य मला आठवायचं आणि मान ताठ व्हायची. एवढं तुम्ही मला दिलंत, आबा.

हे पत्र कुठे टाकणार? घडी करून ट्रंकेत ठेवीन. पण एक सांगायचं राहिलं आहे. रक्त मी पाहिलं, हे खरं. पण त्याच्या आधीच माझे हात सुटत आले होते. त्याची जखम उकलली नसती, तरी पुढच्या आवाजाला मी दोर सोडलाच असता.