फांदी टेकवायला झाड

कांगेमा, २ फेब्रुवारी १९८८

ती. न्यागुथीताईस,
गिचुहीचा सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक. शेतातलं मुगुमोचं जुनं झाड काढायचं ठरवलं आहे. त्याच्या सावलीत चहा खुरटतो. रागावू नकोस, रीत पाळणार आहे. कुळातले वडीलधारे न्दुंगूकाका त्याची फांदी तोडून दुसऱ्या झाडाला टेकवतील, आतले रहिवासी तिकडे जातील, मगच करवत लागेल. नन्सच्या शाळेत शिकून तुला आत्म्यांची एवढी काळजी, याचं इथं सगळ्यांना हसू येतं.

तुझ्या आशीर्वादावर हक्क सांगणारा,
गिचुही

न्येरी, ९ फेब्रुवारी १९८८

चि. गिचुहीस,
आशीर्वाद. रागानं देते आहे, तरी लागू पडतील.

गुडघा दुखतो, जीभ शाबूत आहे. हसणाऱ्यांना सांग, मी रविवारची मिसा आजवर चुकवलेली नाही. सिस्टरांनी मला प्रार्थना करायला शिकवलं, झरे आटवायला नाही. त्या मुगुमोच्या मुळाशी उगवणारं पाणी पाठीवर वाहून आईनं आपल्याला वाढवलं. आजोबांनी जंगल तोडून शेत केलं, तेव्हा पडलेल्या झाडाझाडातले रहिवासी या एकाच्या हवाली केले. तू सारं जंगल दुसऱ्यांदा तोडायला निघाला आहेस.

रीत पाळतोस ना? मग नीट पाळ. निलगिरी चालणार नाही, ती परक्या मुलखातली. आपल्या मातीतलं, जुनं, मोठं झाड हवं. आणि फांदी म्हाताऱ्या काकांच्या खांद्यावर देऊ नकोस. तू वाहा.

लोभाचं काय ते तुझं उत्तर आल्यावर ठरवीन.

ताई

कांगेमा, २१ फेब्रुवारी १९८८

ती. ताईस,
सा. न.

काल फांदी तोडली. मी खांद्यावर घेतली, काका पुढे. नदीकाठच्या मुगुमोच्या जागी शाळेचं मैदान झालंय. टेकडीवरचं झाड कोळसेवाल्यांनी नेलं. पुढच्या डोंगरधारेवर चहा, त्यापुढे निलगिरी, मग पुन्हा चहा. म्हाताऱ्या मुकामीच्या दारात विचारलं, तर ती मलाच वेड्यात काढू लागली. म्हणाली, त्यांचं झाड पाडलं तेव्हा त्यांनी फांदी आमच्याच मुगुमोला टेकवली होती. शेजारच्या घरी तेच, त्यापलीकडेही तेच. प्रत्येकानं आमच्या भरवशावर आपलं झाड तोडलं होतं.

परत आलो. आता ही टेकवू कुठे, असं काकांना विचारलं. ते म्हणाले, तूच उभा राहा, तुझी पाठ अजून ताठ आहे. मी थट्टा समजून हसलो. त्यांनी फांदी माझ्या पाठीला टेकवली आणि ते घरी गेले.

मी उभा राहिलो. का, ते विचारू नकोस. करवतवाले वाट पाहून कंटाळले, मला नावं ठेवत निघून गेले. ऊन उतरेपर्यंत माझे पाय थरथरू लागले. या डोंगरधारेवर टेकायला एकच जागा उरली होती. आपल्याच मुगुमोच्या बुंध्याला फांदी टेकवली, आणि शेजारी मीही टेकलो.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तेवढा असू दे.

गिचुही